इंग्रजी संभाषण : साध्या प्रश्नाला पुरेसे उत्तर

इंग्रजी भाषेचे महत्त्व आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यापूर्वीच्या पिढ्यांना ते पाचवीपासून भेटले. तरीही बारा-पंधरा वर्षे इंग्रजी हा विषय घेऊन उत्तीर्ण झालेला आपला विद्यार्थी, कोणी समोर उभे राहून इंग्रजीत साधा प्रश्न विचारला की एका शब्दात उत्तर देऊन खाली पाहतो, असे आमच्या वारंवार पाहण्यात येते. त्याला प्रश्न कळलेला असतो. उत्तरही माहीत असते. पेपरात तोच विद्यार्थी 'माय व्हिलेज' या विषयावर दीड पान निबंध लिहितो. मात्र 'टेल मी अबाउट युअर व्हिलेज' असे कोणी म्हटले, तर 'इट इज गुड' एवढे बोलून थांबतो.

यात बुद्धीचा दोष नाही. आपल्याकडे इंग्रजी शिकवले गेले ते मुख्यतः वाचण्या-लिहिण्यासाठी आणि भाषांतराच्या मार्गाने. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांच्या हाती होती. तिने व्याकरणाचा पाया पक्का केला हे खरे. परंतु मनात मराठी वाक्य जुळवायचे, त्याचे शब्द बदलायचे, काळ तपासायचा आणि मग बोलायचे, एवढा वेळ संभाषणात कोणी देत नाही. शिवाय ज्या घरात इंग्रजी बोलणारी पहिलीच पिढी आहे, तेथे चुकलो तर हसतील ही भीती मोठी असते. एका शब्दात उत्तर दिले की चुकण्याची शक्यता कमी होते, म्हणून विद्यार्थी त्या एका शब्दाच्या आडोशाला उभा राहतो.

हा आडोसा सोडायला नवे व्याकरण लागत नाही आणि जाडजूड शब्दकोशही लागत नाही. रोजच्या दहा-वीस प्रश्नांना थोडे अधिक विस्ताराने उत्तर देण्याचा नियमित सराव पुरेसा असतो. तो कसा करावा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. इंग्रजी वाक्ये सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. त्यांचा नेमका उच्चार मात्र कानाने ऐकून घ्यावा.

एका शब्दाचे उत्तर अपुरे का पडते ?

मराठीत आपण कोणाला 'कुठले तुम्ही?' असे विचारतो, तेव्हा आपल्याला फक्त गावाचे नाव हवे असते काय? समोरचा म्हणतो, 'आम्ही मूळचे हिंगोलीकडचे, पण वडिलांच्या नोकरीमुळे इकडे आलो, आता वीस वर्षे झाली.' एवढे बोलणे झाले की ओळख सुरू होते. नुसते 'हिंगोली' म्हणून तो गप्प बसला, तर आपल्याला वाटते की याला बोलायचे नाही, किंवा हा घुम्या आहे. इंग्रजीतही तसेच होते. एका शब्दाचे उत्तर ऐकणाऱ्याला ते अज्ञान वाटते किंवा अनिच्छा वाटते. तुमच्या मनातली भीती त्याला दिसत नाही.

दुसरे असे की, एका शब्दाच्या उत्तराने पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती जातो. तुम्ही दोन-तीन वाक्ये बोललात, तर पुढचा प्रश्न बहुधा तुम्ही जे बोललात त्यातूनच येतो. म्हणजे संभाषण तुमच्या माहितीच्या वाटेने चालते. मुलाखतीत याचा फायदा किती मोठा, हे सांगायला नको.

अर्थात सर्वच प्रश्नांना लांब उत्तर द्यायचे नसते. 'हाऊ आर यू?' हे बहुतेक वेळा नुसते अभिवादन असते. त्याला 'आय ॲम फाइन, थँक यू. हाऊ आर यू?' एवढेच उत्तर योग्य. तेथे आपल्या सर्दी-खोकल्याचा तपशील देऊ नये. 'व्हॉट टाइम इज इट?' याला 'टेन पास्ट फोर' पुरे. प्रश्न माहितीसाठी आहे की ओळखीसाठी आहे, हे आधी ओळखावे.

उत्तर वाढवण्याच्या चार पायऱ्या

विद्यार्थ्यांनी पुढील चार पायऱ्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली पायरी : सरळ उत्तर. विचारले त्याचे उत्तर एका पूर्ण वाक्यात द्यावे.

दुसरी पायरी : एक तपशील. कुठे, केव्हा, किती, कसे, कोणाबरोबर, यांपैकी एकाचे उत्तर न विचारता द्यावे.

तिसरी पायरी : कारण किंवा उदाहरण. येथे 'बिकॉज', 'सो', 'बट', 'फॉर एग्झाम्पल' हे चार जोडशब्द उपयोगी पडतात. एवढे चार आले तरी दोन वर्षांचे बोलणे निभावते.

चौथी पायरी : उलट प्रश्न. 'व्हॉट अबाउट यू?' किंवा 'हॅव यू बीन देअर?' यामुळे संभाषण दुतर्फा होते. मुलाखतीत मात्र ही पायरी गाळावी, कारण तेथे प्रश्न विचारण्याचे काम मुलाखत घेणाऱ्याचे असते.

आता एक उदाहरण पाहू. प्रश्न आहे, 'व्हेअर आर यू फ्रॉम?'

नुसते उत्तर : 'हिंगोली.'

पहिली पायरी : 'आय ॲम फ्रॉम हिंगोली.'

दुसरी पायरी : 'इट इज अ स्मॉल डिस्ट्रिक्ट इन मराठवाडा. इट वॉज पार्ट ऑफ परभणी डिस्ट्रिक्ट बिफोर नाइन्टीन नाइन्टी-नाइन.'

तिसरी पायरी : 'मोस्ट पीपल देअर आर फार्मर्स. दे ग्रो सोयाबीन, कॉटन अँड टर्मरिक. बट द रेन्स आर नॉट रेग्युलर, सो मेनी यंग पीपल गो टू पुणे अँड मुंबई फॉर वर्क.'

चौथी पायरी : 'हॅव यू एव्हर बीन टू मराठवाडा?'

यात एकही अवघड शब्द नाही. सातवी-आठवीच्या पुस्तकातलेच शब्द आहेत. फरक पडला तो विद्यार्थ्याने मनातल्या माहितीला वाट करून दिली म्हणून. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'इट इज गुड', 'इट इज व्हेरी नाइस' अशा वाक्यांनी उत्तर लांबते, पण भरत नाही. सोयाबीन, हळद, बेभरवशाचा पाऊस अशी खरी माहिती आली की उत्तर भरते. प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल, कामाबद्दल, शिक्षणाबद्दल अशा पाच-पाच खऱ्या गोष्टी इंग्रजीत सांगता येतील एवढी तयारी ठेवावी.

नेहमीचे काही प्रश्न

'व्हॉट आर यू स्टडीइंग?' याला 'बी. कॉम.' असे उत्तर येते. त्याऐवजी, 'आय ॲम इन द सेकंड इयर ऑफ बी. कॉम. माय फेव्हरिट सब्जेक्ट इज अकाउंटन्सी, बिकॉज आय लाइक वर्किंग विथ नंबर्स. आफ्टर माय डिग्री आय वाँट टू वर्क इन अ बँक.' पहिल्या वाक्यात आज काय आहे ते आले, दुसऱ्यात आवड व कारण आले, तिसऱ्यात पुढचा बेत आला. आज, का, आणि पुढे, हा क्रम शिक्षणाविषयीच्या कोणत्याही प्रश्नाला चालतो.

'हाऊ डिड यू कम हिअर?' याला 'बाय बस' हे उत्तर चूक नाही. पण, 'आय केम बाय एस. टी. बस. द बस लेफ्ट परभणी ॲट सिक्स इन द मॉर्निंग. देन आय वॉक्ड फ्रॉम द बस स्टँड, बिकॉज इट वॉज नॉट फार' असे म्हटले की भूतकाळातील चार क्रियापदांचा सराव आपोआप होतो. केम, लेफ्ट, वॉक्ड, वॉज. भूतकाळाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा रोज रात्री आपल्या दिवसाचा प्रवास अशा चार वाक्यांत सांगावा.

'व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम?' याला बहुतेक विद्यार्थी 'रीडिंग' किंवा 'लिसनिंग टू म्युझिक' असे उत्तर देतात, कारण तसे पाठ केलेले असते. मग 'व्हॉट आर यू रीडिंग नाऊ?' असा पुढचा प्रश्न आला की अडचण होते. जे खरोखर करतो तेच सांगावे. 'आय डोन्ट गेट मच फ्री टाइम, बिकॉज आय वर्क इन अ मेडिकल शॉप इन द ईव्हनिंग. बट ऑन संडेज आय प्ले कबड्डी विथ माय फ्रेंड्स. आय ॲम अ रेडर' हे उत्तर पाठ केलेल्या 'रीडिंग'पेक्षा कितीतरी सरस आहे. त्यात माणूस दिसतो, आणि पुढचा प्रश्न कबड्डीवर आला तर विद्यार्थी घाबरत नाही.

आई-वडिलांविषयीचा प्रश्न

'व्हॉट डज युअर फादर डू?' हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सोपा म्हणून दिलेला असतो. आपल्यापैकी अनेकांना तो सर्वांत अवघड जातो. ही अडचण इंग्रजीमुळे येत नाही. वडील सफाई कामगार असतील, शेतमजूर असतील, हमाल असतील, किंवा आई चार घरची धुणीभांडी करीत असेल, तर विद्यार्थी 'फादर इज इन सर्व्हिस', 'मदर इज हाउसवाइफ' असे काहीतरी पुटपुटून मोकळा होतो. ज्यांच्या कष्टावर आपले शिक्षण झाले त्यांचे कामच आपण उत्तरातून पुसून टाकतो. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

पुढील दोन उत्तरे पाहावीत.

'माय फादर इज अ फार्म लेबरर. वी हॅव नो लँड ऑफ अवर ओन, सो ही वर्क्स ऑन अदर पीपल्स फार्म्स. ही स्टडीड ओन्ली अप टू द फोर्थ स्टँडर्ड, बट ही नेव्हर आस्क्ड मी टू लीव्ह स्कूल.'

'माय मदर वर्क्स फॉर द म्युनिसिपल कॉर्पोरेशन. शी स्वीप्स द रोड्स इन अवर वॉर्ड. हर वर्क बिगिन्स अर्ली इन द मॉर्निंग, बिफोर द शॉप्स ओपन.'

या उत्तरांत दया मागितलेली नाही आणि बढाईही नाही. काम काय, ते कोठे, केव्हा, आणि त्यातून काय घडले, एवढेच सांगितले आहे. 'पुअर' हा शब्द एकदाही आलेला नाही, कारण त्याची गरज पडली नाही. आपल्या माणसांचे काम नेमक्या शब्दांत सांगता येणे हा भाषेचा सराव आहेच, पण ताठ मानेने बोलण्याचाही सराव आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आईच्या व वडिलांच्या कामाविषयी तीन-तीन वाक्ये घरी त्यांच्यासमोर बसून तयार करावीत, आणि त्यांचा अर्थ त्यांना मराठीत सांगावा. कोणत्या वेळी काम सुरू होते, कोणती हत्यारे लागतात, काय अवघड असते, हे तेच सांगू शकतील.

ज्यांचे वडील हयात नाहीत त्यांनी 'माय फादर इज नो मोअर' असे म्हणण्याऐवजी 'माय फादर पास्ड अवे व्हेन आय वॉज टेन. माय मदर ब्रॉट अस अप' असे म्हणावे. येथे 'पास्ड अवे' आणि 'पास्ड आऊट' यांत गल्लत करू नये. आपल्याकडे पदवी घेतली या अर्थाने 'आय पास्ड आऊट' म्हणतात. परदेशी माणूस मात्र त्याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा घेण्याची शक्यता आहे. पदवीसाठी 'आय ग्रॅज्युएटेड' हे निर्धोक.

पुरेसे उत्तर म्हणजे सर्वकाही सांगणे नव्हे

विस्ताराने बोलावे असे आम्ही सांगतो आहोत, त्याचा अर्थ विचारेल त्याला विचारेल ते सांगावे असा नाही. काही प्रश्न ओळखीच्या आडून येतात. नाव सांगितल्यावर 'युअर फुल नेम?', मग 'व्हिच डिस्ट्रिक्ट?', मग 'व्हिच कम्युनिटी?' असा क्रम सुरू झाला की विचारणाऱ्याचा रोख कुठे आहे हे आपल्या विद्यार्थ्याला चटकन कळते, आणि त्याची जीभ जड होते. अशा वेळी दोन वाटा आहेत आणि दोन्ही सन्मानाच्या आहेत.

एक, आपली ओळख मोकळेपणाने व ठामपणे सांगणे. 'आय ॲम अ बुद्धिस्ट. माय फॅमिली इज फ्रॉम नागपूर.' एवढे सांगून थांबावे आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यावा.

दोन, नम्रपणे नकार देणे. 'आय वुड प्रिफर नॉट टू टॉक अबाउट दॅट.' किंवा, 'आय वुड रादर टॉक अबाउट माय वर्क.' हे दुसरे वाक्य विशेष उपयोगी आहे, कारण नकाराबरोबरच ते संभाषण आपल्या कामाकडे वळवते. जातीचे प्रमाणपत्र कागदपत्रांच्या तपासणीच्या वेळी दाखवायचे असते. गप्पांच्या ओघात त्याचा तपशील देण्याचे बंधन कोणावर नाही.

मुलींना 'आर यू मॅरीड?', 'विल यू लीव्ह द जॉब आफ्टर मॅरेज?' असे प्रश्न मुलाखतीत विचारले जातात. त्यांनीही 'आय इन्टेंड टू वर्क, अँड आय हॅव प्लॅन्ड फॉर इट' असे एक वाक्य तयार ठेवावे. ऐन वेळी नकाराचे शब्द सुचत नाहीत, आणि मग नको ते सांगून बसतो. म्हणून उत्तराइतकाच नकाराचाही सराव करावा.

मराठीतून येणाऱ्या काही चुका

मातृभाषेची छाप दुसऱ्या भाषेवर पडणे स्वाभाविक आहे. पुढील चुका मात्र थोड्या लक्ष दिल्याने दूर होतात.

१) 'मायसेल्फ सुनील' असे म्हणू नये. 'आय ॲम सुनील' किंवा 'माय नेम इज सुनील' म्हणावे.

२) 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे चूक. मालकी किंवा नाते सांगताना 'आय हॅव टू ब्रदर्स' हेच बरोबर. तसेच 'कझिन ब्रदर' न म्हणता नुसते 'कझिन' म्हणावे. मराठीत आपण मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे चार शब्द वापरतो. इंग्रजीत या सर्वांना एकच शब्द आहे.

३) 'मी दहा वर्षांपासून येथे राहतो' याचे शब्दशः भाषांतर करून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' म्हटले जाते. बरोबर वाक्य 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स'. कालावधी सांगताना 'फॉर' आणि सुरुवातीचे साल सांगताना 'सिन्स'. म्हणजे 'फॉर टेन इयर्स', पण 'सिन्स ट्वेंटी-टेन'.

४) नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. 'डिडन्ट यू गो टू कॉलेज टुडे?' असे विचारले आणि आपण गेलो नसू, तर मराठीत आपण म्हणतो, 'हो, नाही गेलो.' इंग्रजीत तेथे 'नो, आय डिडन्ट' असे म्हणावे लागते. गेलो असू तर 'येस, आय डिड.' प्रश्न कसाही विचारलेला असो, आपले उत्तर नकारार्थी असेल तर 'नो' आणि होकारार्थी असेल तर 'येस', एवढा नियम पाठ ठेवावा. या एका चुकीने बोलण्याचा अर्थच उलटा होतो.

५) 'परवा' हा आपला शब्द मागच्या व पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो. इंग्रजीत 'द डे बिफोर यस्टरडे' आणि 'द डे आफ्टर टुमॉरो' असे वेगळे बोलावे लागते.

६) 'ही वर्क', 'शी गो' असे बोलण्याच्या भरात निघून जाते. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्याविषयी बोलताना 'ही वर्क्स', 'शी गोज' हा शेवटचा 'स' किंवा 'झ' जपावा.

उच्चाराबाबत एकच सूचना करतो. इंग्रजीतील 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर 'डब्ल्यू' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कोठेही टेकत नाहीत. आपण 'व्हॉट', 'व्हेअर' असे लिहितो, पण त्यांचा उच्चार डब्ल्यूचा आहे. 'व्हेरी वेल' हे दोन शब्द आरशासमोर म्हणून पाहावेत. पहिल्यात दात ओठाला टेकले पाहिजेत, दुसऱ्यात नाही. याउप्पर, आपला सूर मराठी राहिला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बोलणे स्पष्ट असावे आणि घाईचे नसावे.

अडल्यावर काय करावे ?

बोलता बोलता शब्द न सुचणे हे मराठीतही होते. तेव्हा आपण 'ते हे... काय म्हणतात त्याला' असे म्हणून वेळ काढतो. इंग्रजीतही अशी वाक्ये आहेत, आणि ती आधी शिकावीत.

'लेट मी थिंक फॉर अ मोमेंट.' विचाराला वेळ हवा असताना.

'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' प्रश्न नीट ऐकू आला नाही तेव्हा.

'डू यू मीन माय कॉलेज ऑर माय स्कूल?' प्रश्नाचा रोख कळला नाही तेव्हा.

'आय डोन्ट नो द इंग्लिश वर्ड, बट इट इज अ काइंड ऑफ...' शब्द माहीत नसताना. उदाहरणार्थ 'पाटा' याला इंग्रजी शब्द आठवला नाही, तर 'इट इज अ फ्लॅट स्टोन. वी युज इट टू ग्राइंड चटणी' असे वर्णन करावे. वस्तू कशाची आहे आणि कशासाठी आहे, एवढे सांगितले की काम होते. घरातील दहा वस्तूंची अशी वर्णने करून पाहण्याचा खेळ लहान मुलांनाही आवडतो.

सराव कसा करावा ?

भाषा वापराने येते. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत तरंगत नाही. आमच्या मते तिघांचा गट करून सराव करणे सर्वांत सोयीचे. एकाने विचारावे, एकाने उत्तर द्यावे, एकाने वहीत नोंद करावी. दर तीन मिनिटांनी कामे बदलावीत. नऊ मिनिटांत तिघांचे बोलणे होते. संस्थेच्या सभागृहात रविवारी सकाळी एक तास दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा वेळा बोलणे येते.

गटासाठी तीन नियम असावेत. पहिला, बोलणाऱ्याला मध्येच थांबवून दुरुस्ती करू नये. बोलणे संपल्यावर नोंद ठेवणाऱ्याने फक्त दोन गोष्टी सांगाव्यात, एक चांगली आणि एक सुधारण्याजोगी. दुसरा, कोणी हसू नये. हा नियम मोडणाऱ्याने पुढचे तीन प्रश्न स्वतः घ्यावेत. तिसरा, उत्तर पाठ करून आणू नये. मुद्दे लिहून आणावेत, वाक्ये जागेवर करावीत. पाठ केलेले उत्तर एक शब्द विसरला की सगळे कोसळते.

ज्यांना गट नाही त्यांनी घरच्यांची मदत घ्यावी. घरात इंग्रजी कोणालाच येत नाही, ही सबब आम्हाला मान्य नाही. विद्यार्थ्याने इंग्रजीत एक वाक्य बोलावे आणि आजीने मराठीत नुसते 'मग?' किंवा 'का बरं?' असे विचारावे. प्रत्येक 'मग'ला इंग्रजीत एक नवे वाक्य जोडायचे. आजीला इंग्रजी येण्याची गरज नाही, आणि तिच्यासारखी चिकाटीने 'मग?' विचारणारी दुसरी व्यक्ती मिळणेही कठीण. भ्रमणध्वनीवर आपले एक मिनिटाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. तेच उत्तर आठवड्याने पुन्हा मुद्रित करून दोन्ही ताडून पाहावीत. प्रगती स्वतःच्या कानाने ऐकू आली की उत्साह वाढतो.

पहिल्या आठवड्यात फक्त पूर्ण वाक्यात उत्तर देण्याचा सराव करावा. दुसऱ्या आठवड्यात एक तपशील वाढवावा. तिसऱ्यात कारण जोडावे. चौथ्यात उलट प्रश्न विचारावा. एकदम चारही पायऱ्या चढण्याची घाई करू नये.

परीक्षा आणि मुलाखती

या सरावाचा थेट उपयोग कोठे होतो, तेही पाहू. परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीच्या ज्या परीक्षा चालतात त्यांपैकी 'आयईएलटीएस' ही एक. तिची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असून तिचे तीन भाग असतात. पहिल्या चार-पाच मिनिटांत घर, कुटुंब, शिक्षण, काम, आवडी यांविषयीचे असेच नेहमीचे प्रश्न विचारतात. दुसऱ्या भागात एक विषय देऊन तयारीला एक मिनिट देतात आणि एक ते दोन मिनिटे बोलायला सांगतात. तिसऱ्या भागात त्याच विषयावर चर्चा होते. गुण चार गोष्टींना असतात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे एका शब्दाचे उत्तर बरोबर असले तरी तेथे गुण मिळण्यासारखे काही राहत नाही, कारण परीक्षकाला तपासायला सामग्रीच मिळत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेशाची इच्छा असणाऱ्यांनी ही तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात आणि मराठी माध्यम घेतलेल्या उमेदवाराला ती मराठीतूनही देता येते. तेव्हा इंग्रजी आले नाही म्हणजे सर्व दारे बंद, असे मुळीच नाही. आणि प्रश्नाला पुरेसे, नेमके, कारणासह उत्तर देण्याची ही सवय मराठी मुलाखतीतही तितकीच कामी येते.

इंग्रजी शिकायचे म्हणजे मराठी टाकायची असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत काढली, आणि १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत प्रसिद्ध केले. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या भाषेत त्यांनी आपले म्हणणे मांडले. आपल्याही विद्यार्थ्यांनी दोन्ही भाषांकडे याच दृष्टीने पाहावे.

सरावासाठी प्रश्न

पुढील प्रश्नांना प्रत्येकी किमान तीन वाक्यांत उत्तर द्यावे. आठवड्याला तीन प्रश्न घेतले तर चार आठवड्यांत हा पाठ पूर्ण होईल.

१) व्हेअर डू यू लिव्ह, अँड हाऊ लाँग हॅव यू लिव्ह्ड देअर?
२) हू इज देअर इन युअर फॅमिली?
३) व्हॉट काइंड ऑफ वर्क डू युअर पेरेंट्स डू?
४) व्हॉट डिड यू डू यस्टरडे ईव्हनिंग?
५) व्हिच सब्जेक्ट डू यू फाइंड डिफिकल्ट, अँड व्हाय?
६) हाऊ डू यू गो टू कॉलेज ऑर वर्क?
७) व्हॉट डू पीपल ईट इन युअर होम ऑन अ स्पेशल डे?
८) हू वॉज युअर बेस्ट टीचर?
९) व्हॉट हॅज चेंज्ड इन युअर व्हिलेज ऑर लोकॅलिटी?
१०) व्हॉट वुड यू लाइक टू डू आफ्टर युअर एग्झामिनेशन?
११) डिडन्ट यू स्टडी इंग्लिश ॲट स्कूल?
१२) टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ.

शेवटचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधीच्या अकरा प्रश्नांची उत्तरे तयार झाली की त्याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. त्यांतील तीन-चार गोष्टी निवडून क्रमाने सांगाव्यात. हे स्वतःविषयीचे बोलणे दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात छापलेले नसते. ते ज्याचे त्याने आपल्या शब्दांत मांडायचे असते.